दशांशचिन्हाभोवती रचलेले पान : 'पिचफोर्क' आणि त्याचा तरुण वाचक

संगीतविषयक नियतकालिकांची संकेतस्थळे तरुण वाचकाला कशी बांधून ठेवतात, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा भडक रंगांत, मोठमोठ्या छायाचित्रांत आणि चालू बोलीतल्या मथळ्यांत शोधले जाते. अमेरिकेतील 'पिचफोर्क' या संकेतस्थळाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. सुमारे दोन दशके विशीतल्या वाचकांवर या संकेतस्थळाचा जो प्रभाव होता, तो पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या दीर्घ मजकुराने, आल्बमच्या चौकोनी वेष्टनचित्राने आणि त्याशेजारी छापलेल्या, दशांशचिन्हापुढे एक अंक असणाऱ्या गुणांकाने मिळवला होता. आपला वाचक गंभीरपणे ऐकतो, त्याला वाचायला वेळ आहे आणि वाद घालायची हौसही आहे, हे गृहीत धरून ते पान रचलेले होते, आणि त्याच्या आकर्षणाचे खरे मूळ या गृहीतकात आहे.

'पिचफोर्क'ची सुरुवात 1996 साली मिनिआपोलिसच्या परिसरात झाली. संस्थापक रायन श्रायबर तेव्हा नुकताच विशीत आलेला होता, रेकॉर्डच्या दुकानात काम केलेला होता आणि पत्रकारितेचा कोणताही अनुभव त्याच्या गाठीशी नव्हता. आरंभी या प्रकल्पाचे नाव 'टर्नटेबल' असे होते, पण त्या नावावर दुसऱ्याचा हक्क असल्याने ते बदलावे लागले. 1999 मध्ये श्रायबरने आपले बिऱ्हाड शिकागोला हलवले. छोट्या कंपन्यांनी काढलेले, आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीच्या मुख्य प्रवाहात न पोचणारे संगीत, ज्याला 'इंडिपेंडंट' या शब्दावरून 'इंडी' म्हटले जाते, हा या संकेतस्थळाचा विषय होता. अशा संगीतावर तोपर्यंत जे लिहिले जाई ते मुख्यत्वे 'फॅन्झीन'मध्ये, म्हणजे चाहत्यांनी स्वखर्चाने छायाप्रती काढून वाटलेल्या अनियतकालिकांत. त्या लेखनातला हट्ट आणि आपुलकी 'पिचफोर्क'ने उचलली आणि त्यांना रोज नवे काही देण्याची शिस्त जोडली.

छापील परंपरेतून महाजालावर आलेल्या नियतकालिकांची रचना वेगळ्या संस्कारातून घडली होती. लंडनहून 1952 पासून निघणाऱ्या 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'ने, म्हणजेच 'एनएमई'ने, 1996 मध्ये आपले संकेतस्थळ सुरू केले. 1967 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जॅन वेनर आणि राल्फ ग्लीसन यांनी स्थापलेल्या 'रोलिंग स्टोन'लाही त्या सुमारास हेच वळण घ्यावे लागले. या दोघांपाशी मुखपृष्ठाची दीर्घ तालीम होती. वृत्तपत्राच्या दुकानात दहा अंकांच्या गर्दीतून आपला अंक उचलला जावा, यासाठी प्रसिद्ध चेहरा, त्यावर ठसठशीत नाममुद्रा आणि दुरूनही वाचता येणारा मथळा असा त्यांचा ठरलेला मेळ होता, आणि संकेतस्थळाच्या पहिल्या पानावरही तोच कमीअधिक फरकाने उतरला. 2008 मध्ये मुंबईहून 'रोलिंग स्टोन इंडिया' निघू लागले तेव्हा भारतीय कलावंतांच्या छायाचित्रांवर तीच ओळखीची नाममुद्रा झळकली; त्याआधी 1993 मध्ये अमित सैगल आणि शेना गमत यांनी अलाहाबादहून काढलेल्या 'रॉक स्ट्रीट जर्नल'चा जीव मात्र फॅन्झीनच्या जातीचा होता. 'पिचफोर्क'ला मुखपृष्ठच नव्हते. त्याचा मूळ घटक अंक नव्हता, परीक्षण होते, आणि सगळी दृश्यरचना त्या एका घटकाभोवती वाढली.

परीक्षणाचे ते पान पाहिले असता त्यातला क्रम फार विचारपूर्वक लावलेला दिसतो. प्रथम आल्बमचे चौकोनी वेष्टनचित्र येते. बारा इंची तबकडीच्या काळातला हा आकार सीडीतून पडद्यावरही टिकून राहिला आहे आणि वाचकाला आपण वस्तूबद्दल वाचत आहोत याची जाणीव देतो. त्याजवळ कलावंताचे नाव, आल्बमचे नाव, प्रकाशक कंपनी आणि वर्ष असते. या तपशिलांत कंपनीच्या नावाला दिलेले स्थान महत्त्वाचे आहे, कारण इंडी संगीताचा श्रोता कंपनीच्या नावावरून त्या संगीताचे घराणे ओळखतो. मग येतो गुणांक, शून्य पूर्णांक शून्यपासून दहा पूर्णांक शून्यपर्यंतचा, आणि त्यानंतर परीक्षकाच्या नावासह दीर्घ मजकूर. पाच ताऱ्यांच्या रूढ पद्धतीत अर्ध्या ताऱ्याची मुभा धरली तरी दहाच्या आसपास पायऱ्या मिळतात. येथे त्या 101 झाल्या.

दशांशचिन्हाने जे साधले ते साध्या पूर्णांकाला साधले नसते. 'आठ' हा अंक निकाल सांगून मोकळा होतो आणि वाचक पुढे सरकतो, परंतु '7.8' पाहिल्यावर हा आल्बम आठापर्यंत का पोचला नाही, असा प्रश्न मनात उभा राहतो आणि त्याचे उत्तर खालच्या मजकुराखेरीज कोठेही मिळत नाही. निकाल आरंभीच जाहीर करूनही वाचकाला सात-आठशे शब्द वाचायला लावणे, ही या रचनेची कमाई होय. शिवाय एवढ्या सूक्ष्म फरकाने गुण देता येतात, यातून कोणीतरी फार बारकाईने ऐकले आहे असा विश्वास निर्माण होतो. हा विश्वास शास्त्रीय दृष्टीने तपासला तर टिकणार नाही, कारण 7.8 आणि 7.9 यांतला फरक मोजण्याचे कोणतेही माप कोणापाशी नाही. तरीही विशीच्या उंबरठ्यावर स्वतःची आवड घडवत असलेल्या वाचकासाठी हा अंक उपयोगाचा होता, कारण त्याच्याशी सहमत होता येत होते, भांडता येत होते आणि मित्राला तो तोंडी सांगता येत होता. कित्येक वर्षे या पानावर वाचकांच्या अभिप्रायांना जागा नव्हती. वाद पानाबाहेर, वसतिगृहांच्या खोल्यांत आणि रेकॉर्डच्या दुकानांत घातला जाई, आणि तेथे 'पिचफोर्क'चे नाव घेतल्यावाचून तो पुढे जात नसे.

2000 साली 'रेडिओहेड' या ब्रिटिश बँडच्या 'किड ए' या आल्बमला पूर्ण दहा गुण देणारे, उपमांनी ओसंडून वाहणारे ब्रेंट डिक्रेसेंझो याचे परीक्षण प्रसिद्ध झाले आणि वाचकांची रीघ लागली. 2003 मध्ये 'बेस्ट न्यू म्युझिक' ही निवडक आल्बमांना लावायची खूण सुरू झाली. ही खूण लाल रंगात असे आणि एरवी काळ्या-पांढऱ्या असलेल्या पानावर तो लाल रंग लगेच डोळ्यांत भरे. रंगाचा इतका काटकसरीने केलेला वापर फार थोड्या संकेतस्थळांनी केला असेल. 2004 मध्ये 'आर्केड फायर' या कॅनडातील बँडच्या 'फ्यूनरल'ला 9.7 गुण मिळाले तेव्हा तो काढणाऱ्या 'मर्ज रेकॉर्ड्स' या छोट्या कंपनीला प्रती पुरवणे जड गेले. त्याच वर्षी ट्रॅव्हिस मॉरिसन या गायकाच्या 'ट्रॅव्हिस्तान'ला 0.0 मिळाले. 2006 मध्ये 'जेट' या ऑस्ट्रेलियन बँडच्या आल्बमला शून्य देताना तर मजकूरच लिहिला गेला नाही. त्याच्या जागी एका माकडाची थट्टेखोर चित्रफीत लावण्यात आली. तरुण वाचकांत त्या पानाची चर्चा खूप झाली, परंतु अंकाने मजकुराकडे बोट दाखवावे या मूळ तत्त्वाशी ते विसंगत होते. अंकाला मजकुरावाचून जगता येते, हे त्या पानाने दाखवून दिले, आणि पुढे समाजमाध्यमांवर नेमके तेच घडले.

रचनेतला सर्वांत धाडसी प्रयोग 2012 च्या सुमारास मोठ्या मुलाखत-लेखांमध्ये झाला. 'बॅट फॉर लॅशेस' या नावाने गाणाऱ्या नताशा खान हिच्यावरील लेखात आणि 2013 मध्ये रायन डोम्बल याने 'डाफ्ट पंक' या फ्रेंच जोडीवर लिहिलेल्या लेखात वाचक पान जसजसे खाली सरकवी तसतशी छायाचित्रे हलत, एकमेकांवर येत, मजकुराला वाट करून देत. पार्श्वभूमी आणि अग्रभाग वेगवेगळ्या गतीने सरकवून खोलीचा भास निर्माण करण्याच्या या तंत्राला 'पॅरॅलॅक्स' म्हणतात. त्याच 2012 साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हिमस्खलनावरील 'स्नो फॉल' हा लेख अशाच तंत्राने सजवला आणि वृत्तपत्रसृष्टीत त्याचा बोलबाला झाला. 'पिचफोर्क'चे वैशिष्ट्य असे की येथे सजावट लेखविषयाच्या स्वभावातून आलेली होती, म्हणजे शिरस्त्राणामागे चेहरा लपवणाऱ्या जोडीच्या लेखात चित्रेही यंत्रवत हालचाल करीत. मात्र अशी पाने प्रत्येक लेखासाठी स्वतंत्रपणे बांधावी लागत आणि ती संगणकाच्या रुंद पडद्यासाठी कल्पिलेली होती. वाचक हातातल्या फोनकडे वळल्यावर अरुंद पडद्यावर या करामतींना जागा उरली नाही. आज बहुतेक संकेतस्थळे 'रिस्पॉन्सिव्ह', म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप जुळणाऱ्या साच्यात बसवली जातात. त्यात सोय आहे यात शंका नाही, पण एका लेखाला शोभेल असे एकच पान घडवण्याची उमेद त्या साच्यात विरून गेली, हे नुकसान मान्य केले पाहिजे.

हे आकर्षण कोणाला लागू पडत होते, हा प्रश्न या संस्थेच्या परिचयात टाळता येत नाही. 2012 मध्ये 'पिचफोर्क'ने आपल्या अस्तित्वाच्या काळातील आवडते आल्बम निवडण्याचे आवाहन वाचकांना केले, तेव्हा मतदारांपैकी 88 टक्के पुरुष होते. गुण, क्रमवारी, दशकातील सर्वोत्कृष्टांच्या उलट मोजत जाणाऱ्या याद्या ही सगळी चौकट खेळांतल्या आकडेवारीच्या छंदाशी जवळचे नाते सांगणारी होती, आणि परीक्षकांचा आरंभीचा वर्गही बहुतांशी तसाच होता. 'तरुण' या शब्दाचा व्यवहारातला अर्थ 'तरुण पुरुष' असा झाला होता. ऑक्टोबर 2015 मध्ये 'कॉन्डे नास्ट' या बड्या प्रकाशनसंस्थेने 'पिचफोर्क' विकत घेतले, त्या वेळी तिच्या एका अधिकाऱ्याने या खरेदीतून तरुण पुरुषांचा उत्कट वाचकवर्ग मिळतो अशा आशयाचे उद्गार काढले आणि त्यावर सडकून टीका झाली. ती रास्तच होती. तोपर्यंत संकेतस्थळावर रॅप, पॉप आणि आर अँड बी या शैलींना आणि स्त्री परीक्षकांच्या लेखनाला वाढती जागा मिळू लागली होती, आणि 2018 मध्ये पूजा पटेल मुख्य संपादक झाल्यावर हा कल अधिक ठळक झाला.

ऑक्टोबर 2021 मध्ये पंचविशीच्या निमित्ताने संपादकांनी 19 जुन्या आल्बमांचे गुण बदलून प्रसिद्ध केले. लिझ फेअर या गायिकेच्या 2003 मधील आल्बमला मिळालेले 0.0 आता 6.0 झाले आणि 'डाफ्ट पंक'च्या 'डिस्कव्हरी'चे 6.4 पूर्ण दहावर गेले. तरुणपणी केलेल्या निवाड्यात वयाचा, लिंगभावाचा आणि काळाचा वाटा किती असतो, हे इतक्या उघडपणे दाखवणारे उदाहरण संगीतसमीक्षेत दुर्मीळ आहे, आणि तेही ज्या दशांशाने आपण अचूक असल्याचा भास दिला होता त्याच दशांशाच्या भाषेत.

दरम्यान गुणांकाचा मूळ उपयोगच सरला होता. आल्बम विकत घेण्याआधी पैसे वाया जाणार नाहीत ना, हे जाणून घेण्यासाठी वाचक परीक्षण वाचत असे. 'स्ट्रीमिंग', म्हणजे मासिक वर्गणीत किंवा जाहिरातींच्या मोबदल्यात हवे ते गाणे लगेच ऐकवणारी सेवा, आल्यावर सल्ला घेण्यापेक्षा थेट ऐकणे सोपे झाले. वाचक पहिल्या पानावरूनही येईनासा झाला. समाजमाध्यमावर कोणीतरी गुणांकाचे चित्र टाकी आणि पुष्कळांचे वाचन तेथेच संपे. दीर्घ मजकुराभोवती मोकळी जागा सोडून केलेली जी रचना वाचकाला थांबवत असे, तिच्यापर्यंत तो पोचतच नव्हता, आणि पानावरच्या वाचकावर चालणारे जाहिरातींचे उत्पन्न त्यामुळे डळमळीत झाले.

जानेवारी 2024 मध्ये 'कॉन्डे नास्ट'ने 'पिचफोर्क'चा कारभार 'जीक्यू' या पुरुषांसाठीच्या नियतकालिकाच्या छत्राखाली नेला आणि पूजा पटेल यांच्यासह अनेकांना नोकरी गमवावी लागली. परीक्षणे पुढेही येत राहिली आणि गुणही. परंतु ज्या संपादकांनी वाचकवर्गाचा परीघ कष्टाने वाढवला होता, त्यांच्या कामानंतर या संस्थेची जागा पुन्हा पुरुषांच्या दालनात ठरवली जावी, हे खेदजनक होते. शिकागोच्या युनियन पार्कमध्ये 2006 पासून भरणारा 'पिचफोर्क'चा संगीतमहोत्सवही 2024 नंतर तेथे भरला नाही. त्याच वर्षीच्या उत्तरार्धात 'पिचफोर्क'मधून बाहेर पडलेल्या काही लेखक-संपादकांनी, ज्यांत 'डाफ्ट पंक'वरचा तो लेख लिहिणारा डोम्बलही होता, 'हिअरिंग थिंग्ज' हे स्वतःच्या सामाईक मालकीचे संकेतस्थळ काढले. ते वाचकांच्या वर्गणीवर चालते, आणि तेथील परीक्षणांना गुण दिले जात नाहीत.