सहर, मिस्वाक आणि दिवस गेलेली सून

रमजानात मशिदीबाहेर अत्तर, टोप्या, खजूर यांच्या शेजारी मिस्वाकच्या काड्या विक्रीला दिसतात. पीलूच्या झाडाची ही काडी म्हणजे आपल्या कडुलिंबाच्या दातवणाची सख्खी बहीणच. उम्मतीला जड गेलं नसतं तर प्रत्येक नमाजाच्या वेळी मिस्वाक करायला सांगितलं असतं, अशा आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. तरीही रोजा असला की दिवसभर दातांना हात लावायचा नाही, असं अनेक घरांत धरून चालतात.

घरात गरोदर सून असेल तर हे महागात पडतं. गरोदरपणात संप्रेरकं वाढतात, दातांवर साचलेल्या थराला हिरड्या जास्त चिडतात, सुजतात, ब्रश लाल होतो. रक्त घशात गेलं तर रोज्याचं काय, या धास्तीनं ती ब्रशच सोडते. मग थर वाढतो आणि रक्तही. खरं तर रक्त येतंय म्हणजे मऊ ब्रशनं, पण नीट घासायची गरज आहे.

सहरीचा शेवटचा घास झाल्यावर, अजानच्या आधी पेस्टनं एकदा. रात्री तरावीहनंतर झोपताना दुसऱ्यांदा. खजूर आणि सरबताचा गोडवा दातांवर ठेवून झोपू नये. दिवसा मिस्वाक चालते. पेस्ट मात्र घशात उतरण्याची भीती असल्यानं उलेमा टाळायला सांगतात. उलटी झाली तर लगेच घासू नये, आम्लानं दाताचं कवच मऊ झालेलं असतं. आधी साध्या पाण्यानं चूळ, ब्रश अर्ध्या तासानं. चूळ तर वुजूतही भरलीच जाते.

आई किंवा बाळाच्या जिवाला त्रासाची भीती असेल तर रोजा नंतर ठेवायची सवलत शरियतनं दिलेलीच आहे. सासूबाई काय म्हणतील, हा प्रश्न फिकहच्या किताबांत नाही!

मिश्रीच्या बाबतीत मात्र हिंदू-मुसलमान असा फरक नाही. ठणका थांबला म्हणून ती हिरडीला चोळली जाते. पण तो भाजलेला तंबाखू आहे. निकोटिन रक्तातून बाळापर्यंत पोहोचतं, बाळ कमी वजनाचं जन्मू शकतं.

‘दाताचं बाळंतपणानंतर बघू’ हेही खरं नव्हे. उपचाराला चौथा ते सहावा महिना सोयीचा. पू किंवा सूज असेल तर केव्हाही जावं. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. हिंगोली असो, वसमत की सेनगाव, वजन आणि रक्तदाब बघून झाल्यावर हिरडीतून रक्त येतं हेही डॉक्टरांना सांगावं आणि दंतवैद्याकडची चिठ्ठी मागून घ्यावी.