नदी स्वच्छ झाली, हे कोणी ठरवायचे?

पाणी नितळ दिसले आणि दुर्गंधी थांबली, की काठावर फिरायला येणाऱ्याचे समाधान होते. कीटकशास्त्राच्या अभ्यासकाची नजर मात्र तळाच्या गाळाकडे वळते.

पंजाबमधील काली बेईं नदीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. होशियारपूर जिल्ह्यात उगम पावून सुमारे 160 किलोमीटर वाहणारी ही नदी गुरू नानकांच्या सहवासामुळे पवित्र मानली जाते. सांडपाणी व जलपर्णी यांमुळे तिचा नाला झाला होता. 2000 साली संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी कारसेवा आरंभली. स्वयंसेवकांनी पाण्यात उतरून जलपर्णी उपसली, घाट बांधले, काठावर झाडे लावली. सुलतानपूर लोधी येथे लोक पुन्हा स्नानासाठी व विरंगुळ्यासाठी येऊ लागले.

या कार्याचा शेतीशी असलेला संबंध विशेष मोलाचा आहे. गावाचे सांडपाणी गाळून, तळ्यात साठवून शेतांना देण्याची पद्धत तेथे अवलंबण्यात आली. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद नदीत जलपर्णी पोसतात. शेतात तेच पिकाचे अन्न ठरतात.

तथापि, नंतरच्या काळातही या नदीत मासे मृत्युमुखी पडल्याच्या घटना घडल्या. प्रवाह मंदावला व सांडपाणी मिसळले, की पाण्यातील प्राणवायू घटतो. घाट सुंदर असला तरी हा धोका टळत नाही.

त्याची चाहूल जलकीटकांवरून आधीच घेता येते. मेफ्लायची पिल्ले कल्ल्यांनी श्वसन करतात. प्राणवायू कमी झाल्यास बहुतेक जाती लवकर नाहीशा होतात. उलट, कायरोनोमस माशीच्या लाल अळ्यांत हिमोग्लोबिन असल्याने त्या कोंदट गाळातही तग धरतात. शेपटीसारख्या नळीने पृष्ठभागावरील हवा घेणाऱ्या अळ्या आढळल्यास प्रदूषण गंभीर समजावे. कीटकांची विविधता लोपून केवळ लाल अळ्या उरणे, हीही धोक्याची खूण होय.

ही पाहणी स्वयंसेवकांना सहज जमण्याजोगी आहे. हातजाळी, पांढरे तबक व वही एवढे साहित्य पुरते. दरमहा त्याच जागी, तेवढाच वेळ जाळी फिरवावी. सापडलेल्या जीवांचे प्रकार नोंदवून ते पुन्हा पाण्यात सोडावेत. काठावरील शेतकऱ्यांनी नदीलगत गवताची पट्टी राखावी आणि फवारणीचे पंप प्रवाहात धुऊ नयेत; कीटकनाशकाचा अंश या उपयुक्त जीवांनाही मारक ठरतो.

श्रमदानाने नदी मोकळी होते. ती जिवंत राहिली की नाही, हे त्या वहीतील नोंदी सांगतील.