तापाआड दडलेली धमनी

१९६१च्या जानेवारीत तोक्योतल्या रेड क्रॉस रुग्णालयात चार वर्षांचा एक मुलगा आला. ताप हटेना, डोळे लाल, ओठ फुटलेले, जीभ लालभडक, मानेत गाठ. डॉ. तोमिसाकु कावासाकींना हे चित्र ओळखीच्या कुठल्याच आजारात बसेना. १९६७मध्ये त्यांनी अशा ५० मुलांची नोंद प्रसिद्ध केली. हा आजार हृदयावर घाला घालतो, हे पटायला आणखी काही वर्षं गेली.

कावासाकी आजारात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्यांना सूज येते, आणि ती आणतात शरीराच्याच पांढऱ्या पेशी. आधी येतात न्यूट्रोफिल. जंतू मारण्यासाठी बाळगलेली त्यांची विकरं इथे धमनीच्या भिंतीतला लवचीक थर कुरतडतात. पाठोपाठ मॅक्रोफेज आणि टी-पेशी पोचतात, मग सूज आठवडेच्या आठवडे रेंगाळते. जुन्या सायकलच्या ट्यूबला फुगा यावा, तशी कमजोर भिंत रक्ताच्या दाबाने फुगते. त्या फुगवट्यात गुठळी झाली, तर एवढ्याशा मुलालाही हार्ट अटॅक येऊ शकतो.

उपचार न झाल्यास साधारण चारातल्या एका मुलाच्या धमन्यांना इजा होते. पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं, तर हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास येतं. हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून काढलेली ही प्रतिपिंडं खवळलेल्या पेशींना नेमकी कशी आवरतात, हे कोडं अर्धंच सुटलंय. आजाराचं मूळ कारण तर साठ वर्षांनंतरही हाती लागलेलं नाही. म्हणून निदान करणारी एकही रक्तचाचणी नाही. डॉक्टरांची नजर आणि हृदयाची इको तपासणी, यांवरच मुख्य भिस्त.