मृगातली तापट पोरं

मृग नक्षत्रातला बाण, म्हणजे एका ओळीतले तीन तारे, सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्या जवळच एक धुरकट ठिपका दिसतो. तो मृगातला तेजोमेघ, अंतर सुमारे १३५० प्रकाशवर्षं. तिथले बरेचसे तारे जेमतेम दहा-वीस लाख वर्षांचे. आपला सूर्य ४६० कोटींचा, तेव्हा ही तान्ही पोरंच.

जानेवारी २००३मध्ये ‘चंद्रा’ ही क्ष-किरण दुर्बीण (होय, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्याच नावाची) जवळपास १३ दिवस याच जागेवर रोखलेली होती. हाती लागले १६००हून अधिक क्ष-किरण स्रोत. त्यातले कित्येक धुळीआड दडलेले. दृश्य प्रकाश त्या धुळीत अडतो, जास्त ऊर्जेचे क्ष-किरण मात्र आरपार येतात.

हे किरण गाभ्यातल्या भट्टीतून येत नाहीत. सूर्यासारख्या ताऱ्यात या वयात ती धड पेटलेलीही नसते. तान्हा तारा भरभर गिरक्या घेतो, आत वायू खदखदत असतो, त्यातून बळकट चुंबकीय क्षेत्र तयार होतं. बलरेषा पिळवटतात, तुटतात, पुन्हा जुळतात आणि ताऱ्यावरचा वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो. असे भडके सूर्यावरही उडतात. पण मृगातल्या सूर्यासारख्या ताऱ्यांवर साधारण आठवड्याला एक, तोही आजच्या सूर्याला लाजवणारा! ताऱ्याभोवतीच्या ज्या तबकडीतून पुढे ग्रह घडायचे, तिलाही हा मारा सोसावा लागतो.

जानेवारी-फेब्रुवारीत रात्री आठ-नऊला गच्चीवर जा. ठिपका पाहायला साधी द्विनेत्री पुरते.