टाकी भरली की वाजेल

घरी इलेक्ट्रॉनिक्सचा छंद सुरू करायचा असेल, तर पहिलं सर्किट गच्चीवरच्या टाकीसाठी करावं असं माझं ठाम मत आहे. नळाला पाणी येण्याच्या वेळेला मोटर लावली जाते, डब्यांच्या गडबडीत ती बंद करायची राहते आणि खालच्या मजल्यावरून हाक येते तोवर बादल्यांनी पाणी वाहून गेलेलं असतं. एक ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर, एक बझर आणि 9 व्होल्टची बॅटरी एवढ्या सामानात हे थांबवता येतं. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सगळं सुटं मिळतं आणि त्याचा खर्च कुणालाही झेपेल इतका कमी असतो.

हल्ली पालक मुलांना थेट आर्डुइनोचं किट आणून देतात. 2005 साली इटलीतल्या इव्रेआ इथे विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला हा बोर्ड उत्तमच आहे. पण पहिल्याच दिवशी तो हाती आला, की मूल तयार प्रोग्रॅम उतरवून घेतं, दिवा लुकलुकतो आणि दिव्याशेजारचा रेझिस्टर तिथे का बसला आहे हे विचारायचं राहूनच जातं. टाकीच्या सर्किटात इतके थोडे भाग आहेत, की प्रत्येकाला 'तू इथे काय करतोस' असं विचारता येतं.

नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, म्हणून त्यातून थोडी वीज वाहते. टाकीत वरच्या कडेजवळ दोन तारा सोडल्या आणि पाणी त्यांना टेकलं, की त्या जोडल्या जातात. मात्र पाण्याचा रोध बराच मोठा असल्यामुळे त्यातून मिलिअँपिअरचा दहावा हिस्साच येतो. एवढ्यावर बझर वाजत नाही. इथे बीसी 547 हा ट्रान्झिस्टर लागतो. त्याच्या बेसमध्ये एवढासा प्रवाह शिरला, की कलेक्टरमधून त्याच्या शंभर-दोनशे पट प्रवाह वाहू शकतो. 10-20 मिलिअँपिअर मिळाले, की लहान बझर खणखणीत वाजतो.

जोडणी अशी: बॅटरीच्या धन टोकाकडून एक तार टाकीत जाते. टाकीतली दुसरी तार 10 किलोओमच्या रेझिस्टरमधून बेसला येते. बझर धन टोक आणि कलेक्टर यांच्यामध्ये, एमिटर ऋण टोकाला. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम लागतो. 10 किलोओमचा रेझिस्टर वगळू नका. दोन तारा कधी एकमेकींना थेट चिकटल्या, तर बॅटरीचे सगळे व्होल्ट बेसवर येऊन ट्रान्झिस्टर जळेल. दुसरा रेझिस्टर 100 किलोओमचा, बेस आणि एमिटर यांच्यामध्ये. पावसाळ्यात ओल्या जोडांतून जो किरकोळ प्रवाह झिरपतो, तो या वाटेने निघून जातो आणि बझर उगाच वाजत नाही. टाकी रिकामी असताना सर्किट जवळजवळ काहीच वीज खात नाही, त्यामुळे बॅटरी बरेच दिवस टिकते.

आधी हे ब्रेडबोर्डवर लावून स्टीलच्या पेल्यातल्या नव्हे, काचेच्या पेल्यातल्या पाण्यात तपासा. पेला धातूचा असला तर तारा त्याच्यामार्फतच जोडल्या जातील. वाजलं, की मगच सोल्डरिंग. त्यासाठी 25 वॅटचं आयर्न पुरतं. नवशिके सोल्डर आयर्नच्या टोकावर वितळवून जोडावर थापतात आणि तो जोड कच्चा राहतो. आधी भागाचा पाय आणि बोर्डावरचं तांबं दोन्ही गरम करा, मग सोल्डरची तार तिथे टेकवा. ती आपोआप पसरते आणि चकचकीत बसते. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं. खिडकी उघडी ठेवा आणि काम झालं की हात साबणाने धुवा.

खरं शिक्षण सर्किट वर चढवल्यानंतर होतं. तांब्याच्या तारा लावल्या असतील, तर काही काळाने बझरचा आवाज क्षीण होतो. वर जाऊन पाहिलं तर धन बाजूच्या तारेवर हिरवट-काळा थर दिसतो. एकाच दिशेचा प्रवाह पाण्यातून गेला, की त्या टोकाचं तांबं झिजत जातं. शाळेत विद्युत-अपघटन म्हणून शिकवलेला धडा तो हाच. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरले तर झीज कमी होते. टाकीतलं पाणी पिण्याचं असेल, तर पाण्यात तारा सोडूच नयेत. चुंबक बसवलेला तरंगता फ्लोट आणि रीड स्विच वापरावा. या स्विचमध्ये काचेच्या बारीक नळीत दोन लोखंडी पात्या असतात. चुंबक जवळ आला की त्या एकमेकींना टेकतात आणि पाण्यात वीज जातच नाही. पावसाच्या पाण्याची टाकी असेल, तर तिथेही हाच उपाय बरा, कारण त्या पाण्यात क्षार फार कमी असतात. तिथे तारांवरच भागवायचं असेल, तर पहिल्या ट्रान्झिस्टरचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला द्या आणि दोघांचे कलेक्टर एकत्र करा. मग दोघांच्या पटींचा गुणाकार होतो.

एवढं जमल्यावर 555 कडे वळा. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या हान्स कामेनझिंड यांनी 1971 मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी ही 8 पायांची आयसी आखली, पुढच्या वर्षी ती बाजारात आली आणि आजही ती कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळते. आत 5-5 किलोओमचे तीन रेझिस्टर एका रांगेत बसून बॅटरीच्या व्होल्टचे तीन समान भाग करतात. बाहेरचा कपॅसिटर दोन तृतीयांशापर्यंत भरतो, एक तृतीयांशापर्यंत रिकामा होतो आणि पुन्हा भरू लागतो. बॅटरी उतरली तरी तृतीयांश तृतीयांशच राहतो, म्हणून लय फारशी बिघडत नाही. मला या आखणीचं फार कौतुक वाटतं. 10 आणि 68 किलोओमचे रेझिस्टर आणि 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर साधारण सेकंदाला एक ठोका पडतो. सलग किंचाळण्याऐवजी बझर थांबून थांबून वाजतो आणि मिक्सरच्या आवाजातही वेगळा ओळखू येतो.

आता मोह होईल तो मोटर आपोआप बंद करण्याचा. इथे मात्र थांबा. 230 व्होल्टशी जोडलेला रिले, स्टार्टर आणि अर्थिंग हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावं. ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट घरच्या विजेवर चालणारी जी सर्किटं सोपी म्हणून दाखवली जातात, त्यांच्या नादी तर मुळीच लागू नका. त्यांच्या प्रत्येक उघड्या तारेवर जिवावर बेतणारा झटका बसू शकतो. बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटांत शिकण्यासारखं इतकं आहे, की पहिली काही वर्षं सहज पुरेल. ट्रान्झिस्टर आणताना एकाऐवजी पाच आणा. घरात मूल असेल, तर जोडणी त्यालाच करू द्या आणि एखादा जळला तर रागावू नका.