कंप्रता-विरूपित प्रक्षेपकातील ध्वनिपातळी व मर्यादकाची योजना

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी मध्यम लहरींवर सुरू झाले. त्या पद्धतीत ध्वनीच्या चढउतारानुसार वाहक तरंगाचा परमप्रसर कमीअधिक होतो; आणि परमप्रसर शून्याच्या खाली जाऊ शकत नसल्यामुळे ध्वनी किती चढवावा याला पदार्थविज्ञानानेच एक सीमा घालून दिलेली असते. कंप्रता-विरूपणात, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातील एफ. एम. पद्धतीत, अशी नैसर्गिक सीमा नाही. ध्वनी चढवावा तसतसे वाहक तरंगाचे विचलन वाढत जाते आणि प्रक्षेपक तक्रार करीत नाही. ध्वनिप्रक्षेपणात हे विचलन दोन्ही बाजूंस ७५ किलोहर्ट्झपर्यंतच असावे, हा संकेत मनुष्याने ठरविलेला आहे. तो पाळण्याचे काम ध्वनीच्या वाटेवर बसविलेल्या मर्यादकाकडे, ज्यास तंत्रज्ञ लिमिटर म्हणतात त्याच्याकडे, येते.

या प्रश्नाला महत्त्व का आहे हे एका जवळच्या उदाहरणावरून पाहू. गणेशखिंडीतील विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ हे केंद्र २००५ साली १०७.४ मेगाहर्ट्झवर सुरू झाले. अशा सामुदायिक केंद्रांना आपल्याकडील नियमांनुसार सर्वसाधारणपणे १०० वॅट इतकीच परिणामी प्रारित शक्ती वापरता येते. पवनाकाठचे थेरगाव गणेशखिंडीपासून सरळ रेषेत आठ-नऊ किलोमीटरांवर आहे. मध्ये उंच इमारतींची दाटी आहे, म्हणजे एवढ्या शक्तीच्या केंद्राच्या दृष्टीने ही क्षेत्राची कडच होय. कडेवरच्या श्रोत्यासाठी पातळीचा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही.

समजा, सावधगिरी म्हणून चालकाने ध्वनी निम्म्यावर ठेवला व विचलन ३७.५ किलोहर्ट्झच्या पुढे जाऊ दिले नाही. ग्राहीच्या उंबरठ्याच्या वर संकेत-गोंगाट गुणोत्तर विचलनाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे श्रोत्याचे ६ डेसिबेलचे नुकसान होते. इतकेच नुकसान ५० वॅटचा प्रक्षेपक काढून साडेबारा वॅटचा बसविल्याने झाले असते. उलट ध्वनी फाजील चढविला, तर पट्टरुंदी वाढते, ग्राहीच्या मध्यम-कंप्रता गाळणीतून कडा छाटल्या जातात आणि उच्चार फाटके ऐकू येतात. प्रक्षेपकाची शक्ती मात्र रतिभरही वाढत नाही. ‘ध्वनी चढवला की पल्ला वाढतो’ ही समजूत बरीच रूढ आहे. ७५ किलोहर्ट्झच्या पलीकडे तिला कसलाही आधार नाही.

आता मुख्य अडचणीकडे वळू. उच्च कंप्रतांवरील गोंगाट दाबण्यासाठी प्रक्षेपकात त्या कंप्रता आधी उचलल्या जातात व ग्राहीत तेवढ्याच खाली आणल्या जातात. या प्री-एम्फसिसचा कालांक आपल्याकडे ५० मायक्रोसेकंद आहे. म्हणजे उचल सुमारे ३.२ किलोहर्ट्झपासून जाणवू लागते, ६ किलोहर्ट्झला ती दुपटीहून थोडी अधिक, १० किलोहर्ट्झला ३.३ पट आणि १५ किलोहर्ट्झला पावणेपाच पटींच्या पुढे जाते. मर्यादक या उचलीच्या आधी बसविला आणि १ किलोहर्ट्झच्या स्वरावर ७५ किलोहर्ट्झ विचलन ठरविले, तर तेवढ्याच परमप्रसराचा ६ किलोहर्ट्झचा घटक दीडशे किलोहर्ट्झच्या आसपास विचलन घडवितो. मर्यादकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

मराठीच्या बाबतीत ही गोष्ट विशेष विचारात घेण्याजोगी आहे. ‘स’ आणि ‘चांदणे’ या शब्दातील दंत्य ‘च’ यांची ऊर्जा ‘श’ किंवा ‘चंद्र’ मधील तालव्य ‘च’ यांच्याहून वरच्या कंप्रतांत असते. स्वाभाविक बोलण्यात हे वर्ण स्वरांपेक्षा क्षीण असल्याने बहुधा निभावते. परंतु मिक्सरवर ध्वनी दाबून सपाट करण्याची हौस असली, की क्षीण वर्णही वर येतात आणि निवेदकाचा प्रत्येक ‘स’ थुंकल्यासारखा होतो. म्हणून मर्यादक उचलीनंतर असावा, किंवा उचलीचा हिशेब ठेवणारा असावा. उचल मात्र एकाच जागी हवी. ध्वनिसंस्कारकात ती असेल तर प्रक्षेपकातील बंद करावी; नाही तर १५ किलोहर्ट्झला २७ डेसिबेलची दुहेरी वाढ पदरात पडते.

पातळी जुळविण्याचे काम शेवटाकडून सुरुवातीकडे करावयाचे असते. प्रथम प्रक्षेपकाचे विचलन निश्चित करावे. त्यासाठी बेसेल फलनांचा आधार अत्यंत सुंदर आहे: ज्या विरूपणांकांवर शून्य कोटीचे फलन शून्य होते, तेथे वाहक तरंग वर्णपटातून नाहीसा होतो. ही मूल्ये २.४०५, ५.५२० अशी आहेत. पायलट व उचल बंद ठेवून १३.५९ किलोहर्ट्झचा शुद्ध स्वर हळूहळू चढवावा. वाहक दुसऱ्यांदा लोपला, की विचलन ७५ किलोहर्ट्झ झाले. पहिला लोप मोजण्यात विसरला तर सगळा हिशेब चुकतो, एवढी काळजी घ्यावी. यावरून मर्यादकाचे छत ठरते. स्टिरिओ प्रक्षेपणात १९ किलोहर्ट्झच्या पायलट-स्वरासाठी या विचलनातील ८ ते १० टक्के राखून ठेवावे लागतात.

त्यानंतरच मिक्सरकडे यावे. मिक्सरवरील व्ही. यू. मापक सुमारे ३०० मिलिसेकंदांची सरासरी दाखवितो. बोलण्यातील क्षणिक शिखरे त्याच्या काट्याहून ८ ते १० डेसिबेल, कधी त्याहूनही, उंच असतात. तेवढी मोकळी जागा सोडून अशी पातळी द्यावी की मर्यादकाची घट फक्त शिखरांवर ३ ते ५ डेसिबेल दिसेल. ती सतत १० डेसिबेल दिसत असेल, तर मर्यादक पहारेकऱ्याऐवजी हमालाचे काम करीत आहे असे समजावे. मग निवेदक श्वास घेण्यास थांबला की वाढीव लाभामुळे खोलीतील पंख्याची घरघर उसळून वर येते. आणि छोट्या केंद्रांच्या स्टुडिओत पंखा क्वचितच निःशब्द असतो.

अखेरची परीक्षा साध्या खिशातील रेडिओवर, प्रक्षेपकाजवळ एकदा व थेरगावसारख्या कडेच्या ठिकाणी एकदा, एकाच निवेदकाचा आवाज ऐकून घ्यावी. ‘स’ दोन्ही ठिकाणी फाटत असेल तर दोष उचल, मर्यादक किंवा त्यांच्या क्रमात आहे. तो फक्त कडेवरच फाटत असेल, तर इमारतींवरून परावर्तित होऊन उशिरा पोहोचणाऱ्या लहरींचा संशय घ्यावा. तेथे रेडिओची तार हातभर सरकविल्यानेही आवाज बदलतो, आणि मर्यादकाला हात लावण्याचे कारण उरत नाही.