रॅमची पट्टी आणि खोडरबर

डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशल’ या नावाने चालणारा घरगुती ग्राहकांचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. 29 वर्षं या नावाची रॅम सुटी विकत मिळत होती. आता मेमरी चिप एआयच्या डेटा सेंटरना हव्यात. घरच्या कॉम्प्युटरसाठी दोन पट्ट्या नेणारं गिऱ्हाईक कोणाला हवंय? बातमी आली आणि गेली. ज्यांनी कॅबिनेटचं झाकण उघडून स्वतःचं मशीन दुरुस्त केलं होतं, त्यांना मात्र ती झोंबली.

रॅमच्या दुखण्यांच्या या गोष्टीतली सुरुवातीची वर्षं भराभर उलटायला हरकत नाही. 1981 च्या आयबीएम पीसीत दर आठ बिटांमागे नववा पॅरिटी बिट असे. मेमरीत चूक सापडली की मशीन तसं सांगून थांबे. पुढे खर्च वाचवण्यासाठी हा नववा बिट गेला. इंटेलच्या 1995 च्या 430एफएक्स चिपसेटमध्ये तर त्याची सोयच नव्हती. चुका होतच राहिल्या, मशीन त्या सांगेनासं झालं.

त्याच वर्षी ‘सॉफ्टरॅम 95’ बाजारात आलं. रॅम दुप्पट करून देणारं सॉफ्टवेअर! लोकांनी पैसे मोजले, आणि ते जवळपास काहीच करत नाही हे उघड झालं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला मध्ये पडावं लागलं.

खरी धमाल त्यानंतरच्या दशकात. एप्रिल 1998 मध्ये शिकागोत खुद्द बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज 98 ने स्कॅनर जोडताच निळा पडदा दाखवला. तो दोष रॅमचा नव्हता, पण तोच निळा पडदा लवकरच घरोघरी ओळखीचा झाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या ‘असेंबल्ड’ मशीनमध्ये 64 एमबीची एक पट्टी असे. पुढे दुसऱ्याच कंपनीची, वेगळ्या वेगाची पट्टी शेजारी बसवली जाई आणि मग दुखणी सुरू होत. गेम मधेच बंद, झिप फाइल उघडताना सीआरसी एरर, आणि विंडोज एक्सपीवर आज ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ तर उद्या ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. दर वेळी वेगळा कोड, दर वेळी वेगळा प्रोग्रॅम दोषी: खरं तर हीच रॅम बिघडल्याची मोठी खूण होती.

घरी येणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे मात्र एकच औषध: “व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल.” फोटो, टॅलीचा डेटा, सगळं जायचं. आणि एक्सपीचं सेटअप त्याच बिघडलेल्या रॅममधून फाइल कॉपी करताना निम्म्यात अडकायचं! तरी फॉरमॅटचे पैसे द्यावे लागत ते लागतच.

जाणकार वेगळ्या वाटेने जात. वीज बंद करायची, अंगातली स्टॅटिक घालवायला कॅबिनेटच्या धातूला हात लावायचा, पट्टी काढायची, सोनेरी टोकं खोडरबरने हलकेच घासायची आणि दोन्ही खटके लागेपर्यंत दाबून बसवायची. पावसाळ्यातल्या दमट घरांत एवढ्यानेही मशीन सुरू होई. नाहीच झालं, तर क्रिस ब्रेडी यांचं रॅम तपासणारं ‘मेमटेस्ट86’ फ्लॉपीवरून किंवा सीडीवरून चालवून रात्रभर सोडायचं. ते विंडोजच्या आधीच सुरू होत असल्याने ड्रायव्हरवर खापर फोडायची सोय उरत नसे. सकाळी चुकांच्या लाल ओळी दिसल्या, की एकेक पट्टी वेगळी तपासायची. मग तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये. चूक पट्टीमागे गेली तर पट्टी खराब, जुन्याच स्लॉटला चिकटली तर मदरबोर्ड.

2007 मध्ये विंडोज व्हिस्टाने अशी तपासणी विंडोजमध्येच आणली आणि खोडरबरवाल्यांचा भाव उतरला. 2009 मध्ये गुगलच्या सर्व्हरवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला: वर्षभरात जवळपास एक तृतीयांश मशीनमध्ये मेमरीची निदान एक तरी चूक नोंदली गेली होती. त्या सर्व्हरना चुका दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी होती. घरगुती ग्राहकाला ती का नाही, यावरून 2021 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी इंटेलला चांगलंच फैलावर घेतलं. डीडीआर5 मध्ये चिपच्या आत दुरुस्तीची सोय आली, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर तिचं संरक्षण नाही.

दरम्यान पातळ लॅपटॉपांमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर होऊ लागली. तिथे मेमटेस्टने बिघाड दाखवला, तर काढून पाहायला पट्टीच नसते; सर्व्हिस सेंटर अख्ख्या मदरबोर्डचं कोटेशन हातात ठेवतं.